झिमेरिटचा लेप देण्यापूर्वी: १/३५ मापाच्या टायगरसाठी तयारीची यादी

पुटीची ट्यूब उघडण्याआधी सर्वप्रथम ठरवायचे ते हे, की आपण ज्याचे प्लास्टिकचे मॉडेल बांधत आहोत त्या रणगाड्यावर हा लेप खरोखर होता का. झिमेरिट हा चुंबकी सुरुंगांना रोखण्यासाठीचा जर्मन लेप बर्लिनच्या केमिशे वेर्के झिमर या कंपनीने तयार केला. १९४३च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून तो कारखान्यातच रणगाड्यांवर चढवला जाऊ लागला आणि सप्टेंबर १९४४मध्ये तो बंद करण्याचा आदेश निघाला. म्हणजे सारा कालखंड साधारण एका वर्षाचा. ट्युनिशियात एप्रिल १९४३मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागलेला आणि आज बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात असलेला टायगर १३१ हा जर्मन रणगाडा या लेपाविना आहे. जुलै १९४३मध्ये रशियात कुर्स्कला लढलेल्या गाड्यांवरही तो नव्हता. याउलट १३ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत व्हिलेर-बोकाजला उतरलेले टायगर लेपासकट होते. किटच्या डब्यावरचे चित्र कितीही देखणे असले तरी त्यावर विसंबू नये.

टायगर १च्या बाबतीत गाडीचे भागच तारखेचा अंदाज देतात, म्हणून किटमधली सुट्या भागांची चौकट हातात घेऊन दोन गोष्टी तपासाव्यात. कमांडरच्या डोक्यावरचा घुमट उंच, सरळ कडांच्या डब्याच्या आकाराचा असेल तर ती गाडी १९४३च्या मध्यापूर्वीच्या बनावटीची आहे आणि तिला कारखान्यातला लेप मिळालेला नाही. चाके रबरी कडांऐवजी पोलादी कडांची असतील तर ती गाडी फेब्रुवारी १९४४नंतरची. टायगर १चे उत्पादनच ऑगस्ट १९४४मध्ये थांबल्यामुळे अशी गाडी लेपाच्या कालखंडात पूर्णपणे बसते. नवा बसका घुमट आणि रबरी चाके असा मधला प्रकार असेल, तर विशिष्ट गाडीचा फोटो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पँथर, पान्झर ४ किंवा स्टुग ३ या इतर जर्मन गाड्या बांधणाऱ्यांना आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे कारखाना कोणता हे शोधणे, कारण नक्षी कारखान्यानुसार बदलते. बर्लिनच्या अल्केटमधून निघालेल्या स्टुगवरची जाळीदार, वॅफलसारखी नक्षी दुसऱ्या कारखान्याच्या गाडीवर काढली, तर काम कितीही सफाईदार असले तरी चुकीचेच ठरते. टायगर १चे सारे उत्पादन कासेलच्या हेन्शेल कारखान्यातले असल्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, आणि पहिल्यांदाच लेप देणाऱ्याने टायगर निवडावा असे मी सुचवतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

यानंतर लेप कशाचा होता आणि कसा चढवला जाई, हे समजून घेणे तयारीचाच भाग मानावे, कारण आपल्या पुटीचे वागणे त्याच्याशी जुळवायचे आहे. मूळ मिश्रणात सुमारे ४० टक्के बेरियम सल्फेट, २५ टक्के पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, १५ टक्के पिवळ्या मातकट छटेचे रंगद्रव्य, १० टक्के झिंक सल्फाइड आणि १० टक्के लाकडाचा भुसा असे. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट म्हणजे आपल्याकडे सुतार वापरतात त्या पांढऱ्या फेव्हिकॉलच्या जातीचाच बंधक. चुंबकाने चिकटणारा सुरुंग पोलादापासून काही मिलिमीटर दूर राहावा, एवढाच लेपाचा हेतू होता. त्या अंतराने चुंबकाची पकड ढिली होते आणि खडबडीत पृष्ठभागामुळे त्याला सपाट टेकायला जागा मिळत नाही. कामगार तो प्रायमर दिलेल्या पत्र्यावर दोन थरांत थापत; पहिला थर वाळण्याआधी करणीच्या कडेने त्यावर चौकोन आखत, दुसऱ्या पातळ थरावर धातूच्या दातेरी पट्टीने रेघा ओढत आणि ब्लो-टॉर्चच्या ज्योतीने तो कडक करत. मिश्रण हाताने थापलेले, पट्टी हाताने ओढलेली. त्यामुळे प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्याहून किंचित वेगळा दिसतो, कुठे रेघ तिरकी होते, कुठे दोन पट्ट्यांच्या सांध्यावर माल वर येतो. हे बारकावे डोळ्यांत बसेपर्यंत फोटो पाहत राहावेत. नॉर्मंडीतील व्हिमूतिए गावाजवळ उभ्या असलेल्या टायगरवर मूळ लेपाचे अवशेष आजही आहेत आणि फ्रान्समधील सोम्युरच्या संग्रहालयातील किंग टायगरवरही लेप आहे. या दोन गाड्यांचे जवळून घेतलेले फोटो कोणत्याही रेखाचित्रापेक्षा जास्त शिकवतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात झिमेरिट पाहायला मिळणार नाही, परंतु उभ्या चिलखतावर माणसाचा हात कुठवर पोहोचतो आणि वेल्डिंगचे सांधे किती जाड दिसतात, याचा अंदाज तिथे खऱ्या गाडीशेजारी उभे राहून नक्कीच येतो.

जाडीचे गणित कागदावर मांडून ठेवावे, कारण या कामात सर्वांत जास्त मॉडेल बिघडतात ती जाडीमुळेच. खऱ्या लेपाची जाडी ५ मिलिमीटर धरली तर १/३५ मापात ती ०.१४ मिलिमीटर होते. १/४८मध्ये सुमारे ०.१, तर १/७२मध्ये ०.०७ मिलिमीटर. म्हणजे १/३५च्या टायगरवरचा आपला थर बाजारात मिळणाऱ्या ०.१३ मिलिमीटरच्या स्टायरिन (किटच्याच जातीचे प्लास्टिक) शीटएवढाच असायला हवा. या शीटची एक लहान पट्टी कापून कामाच्या जागी ठेवावी आणि थर देताना तिच्याशी तुलना करत राहावे. त्याहून सोपी युक्ती म्हणजे लेपाच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावणे. टेपच्या एका-दोन थरांची जाडी आपल्याला हव्या असलेल्या जाडीच्या आसपास असते, त्यामुळे पुटी टेपच्या पातळीवर ओढून घेतली की थर आपोआप मर्यादेत राहतो. रेघांमधले अंतरही फोटोवरूनच मोजावे. टायगरच्या बुरुजावर टांगलेले, चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी पट्ट्याचे (ट्रॅकचे) सुटे दुवे यासाठी फार उपयोगी पडतात, कारण युद्धासाठीच्या पट्ट्याची रुंदी ७२५ मिलिमीटर, म्हणजे १/३५मध्ये २०.७ मिलिमीटर, हे माप पक्के आहे. दुव्याच्या या लांब बाजूशेजारी किती रेघा बसतात ते मोजले की अवजाराचे दाते किती बारीक हवेत हे कळते.

पुटीची निवड हवामान आणि आपल्या हाताचा वेग पाहून करावी. टामिया या जपानी मॉडेल-कंपनीची राखाडी बेसिक पुटी द्रावक उडून जाऊन वाळते. तिचा वरचा थर काही मिनिटांतच आवळतो, त्यामुळे एका वेळी एकच अरुंद पट्टा हाती घ्यावा लागतो, आणि वाळताना ती थोडी आकसतेही. मात्र ती स्टायरिनला किंचित विरघळवून धरत असल्यामुळे पकड उत्तम मिळते. ती घट्ट वाटल्यास लॅकर थिनरचे दोन-तीन थेंब मिसळावेत, पण जाड थर एकदम दिला तर हेच द्रावक खालच्या प्लास्टिकला मऊ करते, हे विसरू नये. मिलिपुटसारखी दोन भागांची इपॉक्सी पुटी समान प्रमाणात घेऊन, रंग पूर्ण एकजीव होईपर्यंत कणकेसारखी मळावी लागते. ती कडक व्हायला काही तास घेते, पाण्याने गुळगुळीत करता येते आणि संपूर्ण बाजू एकाच बैठकीत करण्याची मुभा देते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा अवधी बराच कमी होतो, म्हणून तिथे लिंबाएवढा गोळा न मळता बोराएवढाच मळावा. थंडीत उलट ती तासन्‌तास नरम राहते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात इपॉक्सीच बरी, कारण दमट हवेत द्रावकाच्या पुट्या आणि लॅकर प्रायमर दोन्ही त्रास देतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी एम-सील पकडीला मजबूत असली तरी तिचा पोत भरड आहे आणि ती इतक्या पातळ थरात पसरत नाही. भिंतीची पुटी या कामाला मुळीच घेऊ नये. स्टायरिनवर ती धरत नाही आणि वाळल्यावर तिचे पापुद्रे निघतात. गॅरेजमध्ये मोटारींच्या पत्र्याला लावतात ती एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) पुटी बारीक असते, पण तिच्यातला थिनर तीव्र असल्यामुळे ती आधी टाकाऊ तुकड्यावर तपासल्याशिवाय मॉडेलला लावू नये.

अवजारे पुटीच्या आधी तयार हवीत. टायगर १वर आडव्या बारीक रेघांचे उभे पट्टे असतात, म्हणून त्या पट्ट्याच्या रुंदीचे दातेरी पाते लागते. टामिया यासाठी धातूची तयार पाती विकते. ती न मिळाल्यास बारीक दात्यांच्या रेझर सॉचे तुटलेले पाते योग्य रुंदीवर कापून, टोके घासून, लाकडी दांड्यात बसवले तरी काम उत्तम होते. जिथे पाते पोहोचत नाही, म्हणजे ओढायच्या आकड्यांच्या (हुकांच्या) मागे, बिजागरीच्या बाजूला आणि बुरुजाच्या वळणावर, तिथे घड्याळजीच्या चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने एकेक रेघ दाबून काढावी लागते. म्हणून दोन रुंदींचे स्क्रू-ड्रायव्हर जवळ असावेत. पुटी पसरायला लवचीक पात्याची लहान पट्टी, द्रावकाच्या पुटीसाठी अवजार पुसायला थिनर, इपॉक्सीसाठी वाटीत पाणी आणि पाते चिकटू नये म्हणून थोडी टॅल्कम पावडर, हे सगळे उजव्या हाताशी मांडून ठेवावे. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वाळलेली इपॉक्सी घासायची झाली तर ती पाण्याखालीच घासावी, म्हणजे धूळ श्वासात जात नाही.

आता प्रत्यक्ष मॉडेलकडे वळावे. साच्यातून निघालेल्या भागांवर तेलकट थर असतो. भांडी घासायच्या द्रवाने ते धुऊन, पूर्ण वाळवून, लेपाच्या जागा ४०० नंबरच्या सँडपेपरने हलक्या हाताने खरवडाव्यात, जेणेकरून पुटीला धरायला जागा मिळेल. त्यानंतर किटच्या सूचनापत्रकातील क्रम बाजूला ठेवून स्वतःचा क्रम लिहावा. मुख्य चिलखती पत्रे, वेल्डिंगचे सांधे, आकडे, बिजागऱ्या आणि कायमचे बसवलेले कंस (ब्रॅकेट) आधी चिकटवावेत, कारण खऱ्या गाडीवर लेप त्यांच्याभोवती थापला गेला होता. फावडे, कुऱ्हाड, ओढायची पोलादी दोरी, दिवे आणि बुरुजावरचे सुटे दुवे मात्र लेपानंतरच यावेत. या उशिरा येणाऱ्या भागांसाठी पत्र्यावर जी छिद्रे आहेत ती तशीच सोडली तर पुटी त्यांत शिरून कायमची बसते. म्हणून प्रत्येक छिद्रात टूथपिकचे टोक खोचून ते पृष्ठभागापासून दोन मिलिमीटर वर कापावे. लेप आवळल्यावर, पण पूर्ण कडक होण्याआधी, ते चिमट्याने फिरवत बाहेर काढावे. अशा वेळी छिद्राच्या कडेला पुटीचा बारीक ओठ उरतो, तो सुरीच्या टोकाने लगेच टिपून घ्यावा, कारण नंतर त्यावर कंस सपाट बसत नाही.

लेप कुठे नको हे पेन्सिलने आखून घ्यावे. तो प्रामुख्याने पायदळातील माणसाचा हात पोहोचेल अशा उभ्या आणि उतरत्या पृष्ठभागांवर असतो. छताचे पत्रे, झडपा, चाके, त्यांवरचे पोलादी पट्टे, तोफेची नळी यांवर तो नसतो. झडपेच्या कडेला, बिजागरीच्या फिरत्या भागाला आणि बुरूज जिथे घरावर (रणगाड्याच्या मुख्य धडावर) फिरतो त्या कडेला थोडी मोकळी जागा ठेवावी, आणि तोफेची ढाल वर-खाली हलणारी ठेवली असेल तर ती सर्वांत वर नेऊन रेषा आखावी, म्हणजे लेप अडकणार नाही. लेपाच्या पट्ट्यांच्या उभ्या रेषाही याच वेळी आखाव्यात. बुरुजाच्या वळणावर त्या डोळ्यांच्या अंदाजाने आखल्या तर मागच्या बाजूला एक अर्धवट पट्टा उरतो, म्हणून तिथे कागदाची पट्टी गुंडाळून, तिचे समान भाग पाडून त्या खुणा बुरुजावर उतरवाव्यात. बुरूज एखाद्या औषधाच्या बाटलीवर चिकटपट्टीने बसवला की तो धरायला सोपा जातो आणि ताज्या लेपाला बोट लागत नाही.

झडलेल्या लेपाचा निर्णयही आधीच घ्यावा. मडगार्डच्या वरची कड, पुढचे कोपरे आणि चालक दल चढते त्या जागा इथे लेप सहज सुटत असे; तो पहिल्या थरातल्या चौकोनांच्या रेषांवर तुटतो, म्हणून उघडी पडलेली जागा गोल न दिसता बहुधा कोनदार दिसते. अशा जागी पुटी भरून नंतर खरवडण्यापेक्षा ती नरम असतानाच सुरीच्या टोकाने चौकोन उचलून काढणे सोपे. खालून लालसर प्रायमर दिसतो आणि तुटलेल्या कडेवर लेपाचा मूळ मातकट पिवळा रंग. हे दोन रंग रंगाच्या यादीत आत्ताच लिहून ठेवावेत. किती जागा झडलेल्या दाखवायच्या, हे त्या गाडीच्या फोटोवरून ठरवावे. काही महिने लढलेली गाडी आणि कारखान्यातून नुकतीच आलेली गाडी यांत मोठा फरक असतो आणि मला वाटते, अनेक सुंदर मॉडेलांवर गरजेपेक्षा जास्त लेप उडवलेला असतो.

शेवटी एका टाकाऊ स्टायरिन पत्र्यावर, शक्य असल्यास एखाद्या जुन्या किटच्या वळणदार भागावरही, तीच पुटी, तेच पाते आणि तीच जाडी वापरून दोन-तीन पट्टे काढावेत. पाते किती कोनात धरले असता रेघ स्वच्छ उठते, पुटी पसरल्यानंतर किती वेळाने पाते लावले असता माल ओढला जात नाही आणि एका गोळ्यात किती पट्टे होतात, हे त्याच पत्र्यावर पेन्सिलने लिहावे आणि तो पत्रा कामाच्या जागी समोर ठेवावा. त्यावर प्रायमरचा हात मारूनही पाहावा, कारण ओल्या पुटीवर रेघा ठळक दिसतात आणि रंगाखाली त्या बऱ्याच मऊ होतात. हे जुळले की घराच्या मागच्या पत्र्यापासून सुरुवात करावी. तिथे धुराड्यांच्या आवरणांमुळे बरेचसे काम झाकले जाते, तोवर हात बसतो. मग दोन्ही बाजू, त्यानंतर बुरूज, आणि पाहणाऱ्याची नजर जिथे आधी जाते तो पुढचा पत्रा सर्वांत शेवटी.