यूव्ही-सल्फाइटने पीएफओए तुटत नाहीये? या चुका टाळा

पाण्यातलं पीएफओए (सहजासहजी न तुटणारं फ्लोरिनयुक्त रसायन) अतिनील प्रकाश आणि सल्फाइटने तोडायची शोधनिबंधातली कृती तंतोतंत पाळली, २५४ नॅनोमीटरचा दिवा लावला, सल्फाइट टाकलं. डिस्टिल्ड वॉटरमधलं पीएफओए छान तुटलं, विहिरीच्या पाण्यातलं मात्र ढिम्म हललं नाही. अशा वेळी बहुतेक जण दिवा बदलतात. दिव्याचा दोष क्वचितच असतो. आधी पाण्याचा रिपोर्ट काढा.

पहिला संशय नायट्रेटवर. या पद्धतीत खरं काम करतो तो सल्फाइटमधून सुटलेला हायड्रेटेड इलेक्ट्रॉन (पाण्याच्या रेणूंनी वेढलेला मोकळा इलेक्ट्रॉन), आणि तो कुणाशीही भिडतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तेवढं नायट्रेट आणि लिटरला १ मायक्रोग्रॅम पीएफओए असेल, तर पीएफओएच्या एका रेणूमागे नायट्रेटचे सुमारे ३ लाख आयन इलेक्ट्रॉन पळवायला हजर! त्यापासून बनणारं नायट्राइटही इलेक्ट्रॉन खातंच. म्हणून सुरुवातीला पीएफओएचा आलेख सपाट राहतो, आणि नेमकं तिथेच लोक प्रयोग गुंडाळतात. वेळ वाढवा, सल्फाइट वाढवा. नायट्रेट काढायला ॲनायन रेझिन (ऋण आयन धरून ठेवणारं रेझिन) मात्र वापरू नका. ते पीएफओएही धरून ठेवतं आणि आपण ते तुटलं असं समजून बसतो.

मग पीएच. साधारण ७.२ च्या खाली बरंचसं सल्फाइट बायसल्फाइट होऊन जातं, आणि त्याला हा प्रकाश जवळपास शोषताच येत नाही. पीएच १० ते १२ ठेवा. पण देशावरच्या बेसॉल्टमधलं बोअरचं पाणी कठीण असतं. पीएच तिथवर नेला की ते दुधाळ होतं आणि दिव्याच्या क्वार्ट्झ नळीवर पांढरा थर चढतो. त्यामुळे आधी सोडियमवाल्या कॅटायन रेझिनमधून पाणी मऊ करून घ्या. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींना हा त्रास कमी.

सल्फाइटचं द्रावण ताजंच करा. उघडं राहिलं की हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं सल्फेट होतं.

वैतागून तापवलेल्या परसल्फेटकडे, म्हणजे सल्फेट रॅडिकल या अतिक्रियाशील कणांनी पीएफओए तोडायच्या पद्धतीकडे वळणार असाल, तर क्लोराइड पाहा. खारट पाण्यात सल्फेट रॅडिकल आधी क्लोराइडवरच खर्ची पडतात. आणि पीएफओएस (पीएफओएचं सल्फोनेट भावंड) त्यांना दाद देत नाही, पाणी कितीही शुद्ध असलं तरी.

सगळ्यात महागात पडणारी चूक मोजमापातली. पीएफओए दिसेनासं झालं म्हणजे काम झालं, असं नाही; त्याचे आखूड साखळीचे भाऊबंद शिल्लक असू शकतात. सुटलेलं फ्लोराइड मोजा. पण १ मायक्रोग्रॅम पीएफओए पूर्ण तुटलं तरी फ्लोराइड मिळणार जेमतेम ०.७ मायक्रोग्रॅम, विहिरीच्या मूळच्या फ्लोराइडात ते कुठे दिसणार? तेव्हा हा हिशोब लिटरला काही मिलिग्रॅम पीएफओए मिसळलेल्या वेगळ्या नमुन्यावर करा. फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड थेट पीएच १२ च्या पाण्यात बुडवलात तर हायड्रॉक्साइडमुळे आकडा खोटाच फुगतो. टिसॅब बफर (फ्लोराइड मोजण्याआधी नमुन्यात घालायचं द्रावण) घालून पीएच ५ ते ५.५ वर आणा, तेही फ्यूम हूडखाली, कारण उरलेल्या सल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड निघतो.