क्षीरसागर कुठे गेले? जावामध्ये नावांची यादी लावताना

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. पुण्यातली आमची छोटी कंपनी सार्वजनिक वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करायची. सभासदांची छापील यादी आडनावाप्रमाणे अकारविल्हे काढून देणं हे माझं पहिलं स्वतंत्र काम. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत ते एका ओळीत होतं: स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांची, लिस्ट घ्यायची आणि कलेक्शन्स क्लासची सॉर्ट मेथड बोलवायची. मी ते केलं, दहा-बारा नावांवर तपासलं आणि प्रिंट घेऊन सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात गेले.

तिथल्या ग्रंथपाल बाई वीसेक वर्षं हाताने रजिस्टर लिहीत आलेल्या. त्यांनी यादी घेतली, थेट शेवटचं पान उघडलं आणि बोट ओळीवरून खाली नेत म्हणाल्या, "अगं, क्षीरसागर कुठे गेले? आपल्याकडे त्यांची सहा घरं आहेत."

सहाही घरं यादीत होती, पण कौलगुड संपल्यावर आणि खरे सुरू व्हायच्या आधी. बाईंना ती तिथे शोधावीशी वाटलीच नाहीत, कारण शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट येतो. त्या दिवशी जे कळायला लागलं ते जावा नव्याने शिकणाऱ्यांना आधीच माहीत असावं, म्हणून हे लिहितेय.

स्ट्रिंगच्या नैसर्गिक क्रमाला जावाच्या पुस्तकांत 'नॅचरल ऑर्डर' म्हणतात. नाव ऐकून वाटतं की हा माणसाला नैसर्गिक वाटणारा क्रम असेल. तसं नाही. कम्पेअर-टू ही मेथड दोन स्ट्रिंग डावीकडून एकेक कॅरेक्टर घेऊन ताडून बघते आणि जिथे पहिला फरक सापडतो तिथे कोडचे आकडे बघते. ज्याचा आकडा लहान तो आधी. इंग्रजी नावांत कॅपिटल झेडचा कोड ९० आणि स्मॉल एचा ९७, म्हणून स्मॉल एने सुरू होणारं नाव कॅपिटल झेडच्याही मागे जातं. त्यावर उपाय सोपा आहे: स्ट्रिंग क्लासमध्येच केस-इन्सेन्सिटिव्ह-ऑर्डर नावाचा तयार कम्पॅरेटर, म्हणजे दोघांपैकी आधी कोण ते ठरवणारा ऑब्जेक्ट, मिळतो, तो सॉर्टला द्यायचा.

मराठीची गोष्ट याहून खोल जाते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक कॅरेक्टरला कोड देणाऱ्या जागतिक पद्धतीत, क्ष नावाचं एक कॅरेक्टर नाहीच. क, मग पाय मोडल्याची खूण, मग ष, अशी ती तीन कॅरेक्टर्स. पहिलं क, म्हणून क्षीरसागर कच्या घरात. पाय मोडल्याच्या खुणेचा कोड काना, वेलांटी, मात्रा या सगळ्यांच्या नंतर येतो, म्हणून कौच्याही मागे. ज्ञचंही हेच: ज्ञानदा ही जच्या शेपटाला सापडते, आणि तीसुद्धा ज्योतीच्या आधी, कारण ञचा कोड यच्या आधी आहे.

ळने सुरू होणारं आडनाव नसतं, त्यामुळे त्याची अडचण चटकन दिसत नाही. युनिकोडमध्ये ळचा कोड ०९३३, म्हणजे लच्या लगेच पुढे आणि वच्या आधी. म्हणून काळे हे कासारांच्या आधी छापले गेले. वर्णमालेत ळ हच्या मागे, तेव्हा काळे कासारांच्या नंतर यायला हवेत. एका पानाचाच फरक, पण रांगेत उभा असलेला सभासद आणि यादीत नाव न सापडणारी बाई यांच्यासाठी ते पान मोठं असतं.

यावर उपाय म्हणजे कोलेटर. कोलेटर म्हणजे एखाद्या भाषेचा अक्षरक्रम जाणणारा ऑब्जेक्ट. जावाच्या टेक्स्ट पॅकेजमध्ये कोलेटर आहे, पण मराठीसाठी मी आयसीयू-फोर-जे ही लायब्ररी वापरते. तिच्यातले नियम युनिकोडच्या सीएलडीआर या भाषांच्या माहितीसाठ्यातून येतात आणि त्यात मराठीचा वेगळा नियम आहे: हच्या मागे ळ, मग क्ष, मग ज्ञ. मराठी लोकेल, म्हणजे भाषेची खूण, देऊन कोलेटर मागायचा आणि लिस्टच्या सॉर्ट मेथडला तसाच द्यायचा, कारण कोलेटर स्वतःच कम्पॅरेटर असतो. माझं काम पुन्हा एका ओळीवर आलं, फक्त ती ओळ वेगळी होती.

तरी आधी ग्राहकाला विचारा. काही शब्दकोश क्षचे शब्द कच्या पोटातच लावतात, आणि एखाद्या संस्थेला तसंच हवं असू शकतं. अनुस्वाराचंही तसंच आहे: बाराखडीत कं शेवटाकडे येतो, पण कोडच्या क्रमाने कंचन ही कमलच्या आणि काजलच्याही आधी लागते. कोणता क्रम बरोबर हे यादी हातात घेऊन शोधणारा माणूसच सांगू शकतो. पहिल्या भेटीतच त्यांच्या जुन्या रजिस्टरची दोन-तीन पानं मागून घ्या, सगळी उत्तरं तिथे सापडतात.

पुस्तकांच्या यादीत मला आणखी एक गोष्ट भेटली, आणि तिच्यावर माझे दोन दिवस गेले. 'ॲटलास' हा शब्द दोन ठिकाणी येत होता: एकदा अमध्ये आणि एकदा हच्याही पार पुढे, यादीच्या अगदी तळाला. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. शेवटी प्रत्येक कॅरेक्टरचा कोड छापून बघितला तेव्हा उलगडलं. एका ठिकाणी अ आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन कॅरेक्टर्स होती. दुसऱ्या ठिकाणी ॲ हे एकच कॅरेक्टर होतं, कोड ०९७२. ते युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, म्हणून त्याला जागा मिळाली ती व्यंजनांच्या बरीच पुढे. इथे नॉर्मलायझेशनचा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याचा, नेहमीचा क्लासही कामाला येत नाही, कारण युनिकोड या दोघांना समान मानत नाही. मी सॉर्टच्या आधी एक रूप दुसऱ्यात बदलून घेते. दोन शब्द दिसायला सारखे आणि वागायला वेगळे असतील, तर डोळ्यांवर विसंबू नका, कोड छापा.

न दिसणाऱ्या स्पेसचाही तोच प्रकार. एक्सेलमधून किंवा वेबपानावरून उचललेल्या नावांच्या सुरुवातीला कधीकधी नॉन-ब्रेकिंग स्पेस असते. कडेच्या स्पेस काढणारी ट्रिम मेथड ती काढत नाही, आणि जावा ११ मध्ये आलेली स्ट्रिपही काढत नाही. रिप्लेस करूनच घालवावी लागते.

आकड्यांबद्दल थोडक्यात. 'कपाट १०' हे 'कपाट २' च्या आधी लागतं, कारण १चा कोड २च्या आधी. आकडा वेगळा काढून इंटिजर करा आणि त्यावर लावा. इंटिजर क्लासची पार्स-इंट मेथड देवनागरी अंकही नीट वाचते, हे समजल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

आता स्वतःचा कम्पॅरेटर लिहिण्याविषयी, कारण नवीन मुलं इथेच सर्वांत जास्त अडकतात. जावा ७ पासून ऑब्जेक्ट्स लावायला टिमसॉर्ट नावाचा अल्गोरिदम वापरतात. तो टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिला होता. तुमचा कम्पॅरेटर विसंगत असेल, म्हणजे अ हा बच्या आधी, ब हा कच्या आधी, पण क पुन्हा अच्या आधी असं काही सांगत असेल, तर टिमसॉर्ट मध्येच थांबून 'कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल काँट्रॅक्ट' असा एक्सेप्शन फेकू शकतो. पण ३२ पेक्षा कमी नावं असली की तो साध्या इन्सर्शन सॉर्टवर काम भागवतो आणि तिथे ही तपासणी होतच नाही. तुमची दहा नावांची टेस्ट बिनबोभाट पास होते आणि खऱ्या यादीवर प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून टेस्टला निदान काहीशे नावं द्या, तीही उलटसुलट करून. शक्यतो कम्पॅरेटर हाताने लिहूच नका. जावा ८ पासून कम्पॅरिंग आणि देन-कम्पॅरिंग या तयार मेथड्स आहेत: आधी आडनाव, मग नाव, मग सभासद क्रमांक. वाचणाऱ्यालाही ते एका नजरेत कळतं.

सभासद क्रमांक शेवटी का, तेही सांगते. यादी कायम लावलेलीच राहावी म्हणून मी एकदा सभासद ट्रीसेटमध्ये, म्हणजे आपोआप क्रमाने राहणाऱ्या संचात, ठेवले आणि कम्पॅरेटर फक्त नावाचा दिला. यादी सुंदर आली, पण संख्या कमी भरली. गावात सुनीता जाधव तिघी होत्या, यादीत एकच उरली. कम्पॅरेटरने शून्य दिलं की ट्रीसेट दोघांना एकच समजतो आणि दुसऱ्याला आत घेत नाही, एररही देत नाही. त्या दोघींची वर्गणी भरलेली होती. लिस्टमध्ये हा धोका नाही, शिवाय लिस्टचा सॉर्ट सारख्या नावांचा आधीचा क्रम मोडत नाही.

बाकी तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पाडा. लिस्ट-ऑफने केलेली लिस्ट बदलता येत नाही, तिच्यावर सॉर्ट बोलावलं तर अनसपोर्टेड-ऑपरेशन एक्सेप्शन येतो. ती अ‍ॅरेलिस्टमध्ये उतरवून घ्या. आणि स्ट्रीमवरचा सॉर्टेड मूळ लिस्टला हात लावत नाही, निकाल वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवावा लागतो. लिस्टमध्ये नल, म्हणजे रिकामी किंमत, असेल तर साधा सॉर्ट कोसळतो, नल्स-लास्ट वापरा.

दुसऱ्या खेपेला मी यादी घेऊन गेले तेव्हा बाईंनी पुन्हा शेवटचंच पान उघडलं. सहा क्षीरसागर ओळीने उभे होते. मग त्यांनी मागे जाऊन कासार काढले, त्याखाली काळे बघितले, आणि यादी टाचणीने फळ्यावर लावली. अजूनही माझ्या टेस्टमध्ये हीच नावं याच क्रमाने असतात: काणे, कासार, काळे, खरे, जाधव, जाधव, जाधव, हर्डीकर, क्षीरसागर.