ब्रिटनमधला वाहन परवाना: पहिल्या बारा महिन्यांत काय करावे

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये गाडी चालवता येते, हे इथे येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. ही मुभा फक्त १२ महिन्यांची आहे आणि ती गाडी घेतल्या दिवसापासून नव्हे, तर तुम्ही इथले रहिवासी झाल्या दिवसापासून मोजली जाते, हे मात्र अनेकांच्या लक्षात अकराव्या महिन्यात येते. भारतातून काढून आणलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्याने ही मुदत वाढत नाही. मुदत संपल्यावर त्याच परवान्यावर गाडी चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणे, आणि अशा वेळी विमाही गोत्यात येतो.

ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर अशा काही देशांचे परवाने इथे परीक्षा न देता बदलून मिळतात. त्या यादीत भारत नाही. (दुबईत परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या मराठी माणसाला तो बदलून घेता येतो, कारण संयुक्त अरब अमिराती त्या यादीत आहे.) आपल्याला मात्र शिकाऊ परवाना, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष परीक्षा या तिन्ही पायऱ्या चढाव्याच लागतात. पुढची माहिती इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

घराचा पत्ता पक्का झाला की शिकाऊ परवान्यासाठी, म्हणजे इथल्या भाषेत ‘प्रोव्हिजनल’साठी, डीव्हीएलएच्या (परवाने देणाऱ्या सरकारी खात्याच्या) संकेतस्थळावर अर्ज करावा. ऑनलाइन अर्जाला ३४ पौंड आणि टपालाने पाठवलेल्या अर्जाला ४३ पौंड शुल्क आहे. गेल्या तीन वर्षांतले सर्व पत्ते द्यावे लागतात, तेव्हा भारतातला पत्ता पिनकोडसह हाताशी ठेवावा. हेच काम जास्त पैसे घेऊन करून देणारी खासगी संकेतस्थळे शोधयादीत वर दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. शिकाऊ परवाना घेतला की भारतीय परवान्यावर गाडी चालवता येत नाही, हा समज चुकीचा आहे. पहिल्या १२ महिन्यांत तुम्ही एल बोर्ड न लावता आणि शेजारी कोणी न बसवता गाडी चालवू शकता. मुदत उलटली की मात्र एल बोर्ड लागतो, शेजारी वयाची २१ वर्षे पूर्ण केलेला आणि किमान तीन वर्षे परवाना असलेला चालक लागतो, आणि मोटरवेवर, म्हणजे द्रुतगती मार्गावर, जायचे तर मान्यताप्राप्त प्रशिक्षक व दुहेरी ब्रेकची गाडी लागते.

लेखी परीक्षेचे शुल्क २३ पौंड आहे. पहिल्या भागात ५७ मिनिटांत ५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांतले ४३ बरोबर यावे लागतात. ‘हायवे कोड’ हे रहदारीच्या नियमांचे पुस्तक नीट वाचले तर हा भाग अवघड नाही. दुसऱ्या भागात रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात आणि धोका उद्भवू लागताच माउस दाबायचा असतो. इथे ७५ पैकी ४४ गुण लागतात. अनुभवी चालक नेमके इथे अडखळतात, कारण ज्याला परीक्षा धोका मानते, ती आपल्या लेखी रोजची रहदारी असते. उभ्या गाडीचा दरवाजा उघडू लागला, एवढ्यावरही माउस दाबायला हवा. भीतीपोटी सतत दाबत राहिल्यास मात्र त्या चित्रफितीचे शून्य गुण मिळतात. दोन्ही भाग एकाच वेळी उत्तीर्ण व्हावे लागतात, आणि निकाल दोन वर्षे ग्राह्य राहतो.

लेखी परीक्षा पार पडली की त्याच दिवशी प्रत्यक्ष परीक्षेची तारीख घ्यावी. अनेक केंद्रांत कित्येक महिन्यांनंतरची तारीख मिळते. सारे वेळापत्रक कोलमडते ते इथेच. सोमवार ते शुक्रवार शुल्क ६२ पौंड, तर संध्याकाळी, शनिवार-रविवारी व सुट्टीच्या दिवशी ७५ पौंड आहे. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली, तर परवानाही फक्त ऑटोमॅटिकचाच मिळतो.

परीक्षा साधारण ४० मिनिटांची असते. आधी २० मीटरवरची नंबरप्लेट वाचून दाखवावी लागते, मग गाडीच्या देखभालीचा एखादा प्रश्न येतो आणि नंतर रस्ता. त्यातली सुमारे २० मिनिटे दिशादर्शक यंत्र किंवा पाट्या पाहून स्वतः वाट काढायची असते. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात. गंभीर चूक एक झाली तरी नापास.

पुण्यात चौदा वर्षे गाडी चालवून आलेली मी पहिल्या खेपेला अशा एकाच चुकीने नापास झाले. डाव्या कडेला थांबवलेली गाडी पुन्हा काढायची होती. मी आरशात पाहिले, इंडिकेटर दिला आणि निघाले. उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे पाहिले नाही, आणि आरशात न दिसलेल्या सायकलस्वाराला ब्रेक दाबावा लागला. परीक्षक बाई पुढचे अर्धे मिनिट काही बोलल्या नाहीत, उरलेली परीक्षा शांतपणे घेतली आणि शेवटी नेमके ते ठिकाण सांगितले. त्यानंतर माझ्या प्रशिक्षकांनी मला गाडी जागेवरच उभी ठेवून वीसेक वेळा नुसती मान वळवायला लावली. म्हणून गाडी उत्तम येत असली तरी दोन-चार तास मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे अवश्य घ्यावेत. ते गाडी शिकण्यासाठी नव्हे, तर जुन्या सवयी मोडण्यासाठी असतात. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, वळताना रस्ता ओलांडू पाहणाऱ्या पादचाऱ्यासाठी थांबायचे, हॉर्नला हात लावायचा नाही. आपल्याकडे समोरच्याने दिवे चमकवले की ‘थांब, मी येतोय’ असा अर्थ होतो. इथे बहुतेक जण ‘तुम्ही जा’ म्हणून चमकवतात. हायवे कोडनुसार मात्र त्याचा अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच आहे, तेव्हा त्यावर विसंबून निघू नये.

नापास झाल्यास पुढची परीक्षा किमान १० कामकाजी दिवसांनंतरच देता येते आणि शुल्क पुन्हा भरावे लागते. उत्तीर्ण झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत नियमभंगाबद्दल परवान्यावर सहा दंडगुण जमले तर परवाना रद्द होतो आणि पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागते. भारतात किती वर्षे गाडी चालवली, याचा इथे विचार होत नाही.

भारतीय परवाना इथे जमा करावा लागत नाही. सुट्टीत घरी गेल्यावर तो उपयोगी पडतो, म्हणून त्याची मुदत केव्हा संपते ते पाहून ठेवावे; मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत नूतनीकरण केले नाही, तर आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागते.