ग्राहक आयोगातील वकिली : नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी वकिली सुरू केली, तेव्हा माझ्या वरिष्ठांकडे जमिनीचे दावे आणि वाटपाची प्रकरणे मुख्यत्वे असत. ग्राहक तक्रारी त्यांच्या लेखी किरकोळ होत्या आणि नेमक्या त्याच कारणाने त्या माझ्या वाट्याला आल्या. आज माझे निम्म्याहून अधिक काम याच तक्रारींचे आहे. या कामात येऊ पाहणारे विद्यार्थी आणि कनिष्ठ वकील भेटले की कोणते पुस्तक वाचावे, असे हमखास विचारतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा अवघ्या १०७ कलमांचा कायदा आहे आणि मन लावून वाचला तर दोन दिवसांत वाचून होतो. वेळ लागतो तो पक्षकाराच्या पिशवीतले कागद वाचायला शिकण्यासाठी, आणि तक्रार टिकणार की फेटाळली जाणार हे बहुतेक वेळा त्या कागदांवरच, आयोगाची पायरी चढण्यापूर्वी ठरलेले असते.

पहिल्या काही महिन्यांतच एक निवृत्त शिक्षक कापडी पिशवीत कागद घेऊन आमच्या कार्यालयात आले. त्यांचे वॉशिंग मशीन वॉरंटीच्या काळात तीन वेळा दुरुस्त होऊनही पुन्हा बंद पडले होते. पिशवीतून वॉरंटी कार्ड निघाले, दुरुस्तीची दोन जॉब कार्डे निघाली, आणि बिल म्हणून त्यांनी जपून ठेवलेला, चार घड्या घातलेला कागद उलगडला तर तो कोरा होता. थर्मल कागदावरची छपाई उडून गेली होती. खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला तेव्हा दुकानाच्या नावातील दोन-तीन अक्षरे काय ती दिसली. शेवटी बँकेच्या खातेउताऱ्यातील कार्डाचा व्यवहार आणि जॉब कार्डावर तंत्रज्ञाने स्वतःच्या हाताने लिहिलेली खरेदीची तारीख, या दोहोंच्या आधारावर आम्ही तक्रार उभी केली. तेव्हापासून पक्षकार बसण्यापूर्वीच मी त्याच्याकडील बिलाची छायाप्रत काढून घेते.

कागद हाती आले की तारीखवार तक्ता करावा, ही सवय मला वरिष्ठांनी लावली आणि या कामातील ती सर्वांत मोलाची शिदोरी आहे. तक्त्याचे रकाने तीनच : तारीख, काय घडले, आणि त्याला आधार कोणत्या कागदाचा. पक्षकार तावातावाने सांगत असलेल्या ज्या घटनेपुढे तिसरा रकाना मोकळा राहतो, ती घटना तक्रारीत किती ठामपणे लिहायची याचा विचार तिथेच करावा लागतो. व्हॉट्सॲपवरील संभाषणाच्या छापील प्रती आता प्रत्येक पिशवीत असतात. आयोगाचे कामकाज संक्षिप्त स्वरूपाचे असते हे खरे असले, तरी इलेक्ट्रॉनिक पुराव्यावर हरकत येतेच. म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदीबाबतचे प्रमाणपत्र सुरुवातीलाच जोडलेले बरे.

तक्ता झाला की पहिला प्रश्न, आलेली व्यक्ती कायद्याच्या अर्थाने 'ग्राहक' आहे काय. या प्रश्नावर मी एकदा सपशेल तोंडघशी पडता पडता वाचले आहे. भरतकामाचे संगणकीकृत यंत्र कर्ज काढून घेतलेल्या एका महिलेची तक्रार मी लिहीत होते. यंत्राची किंमत ३ लाख ८० हजार रुपये होती. बसवल्यापासून दोरा तुटत होता, नक्षी सरकत होती आणि कंपनीचा माणूस दर खेपेला नवे कारण सांगून जात होता. मजकूर चांगला उतरला आहे अशा समाधानात मी दुसऱ्या परिच्छेदात एक निरुपद्रवी वाक्य लिहिले : 'तक्रारदार यांचा भरतकामाचा व्यवसाय आहे.' कंपनीने आपल्या कैफियतीत, म्हणजे तक्रारीला दिलेल्या लेखी उत्तरात, यंत्राच्या दोषाबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या आणि उरलेली सगळी कैफियत माझ्या त्या एका वाक्यावर उभी केली. वस्तू व्यापारी हेतूने घेतली आहे, हे तक्रारदारानेच कबूल केले आहे, सबब ती ग्राहक नाही, असा त्यांचा बचाव होता.

कलम २(७) नुसार व्यापारी हेतूने वस्तू किंवा सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही. मात्र त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की, स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी जी वस्तू खरेदीदाराने घेतली आणि स्वतः वापरली, ती व्यापारी हेतूची धरली जाणार नाही. माझी पक्षकार घराच्या पुढच्या खोलीत एकटीच यंत्र चालवत होती, तिच्याकडे एकही कामगार नव्हता आणि बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्रात 'स्वयंरोजगार' हा शब्द छापलेला होता. कागद होता, कायदा होता, तक्रारीत तेवढे वाक्य नव्हते. आम्ही तक्रारीच्या मजकुरात दुरुस्ती करण्याचा अर्ज दिला, तो खर्च भरण्याच्या अटीवर मंजूर झाला, आणि तो खर्च वरिष्ठांनी पक्षकाराकडून न घेता माझ्या त्या महिन्याच्या मानधनातून कापला. रिक्षा, पिठाची गिरणी, झेरॉक्सचे यंत्र, शिवणयंत्र अशा वस्तूंची तक्रार लिहिताना हे वाक्य आता माझ्याकडून सुटत नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते. उशिराचे पुरेसे कारण दाखवता आले तर आयोग विलंब माफ करू शकतो, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. दोन वर्षे नेमकी कोठून मोजायची, हे प्रकरणागणिक बदलते. विम्याचा दावा नाकारला गेला असेल तर सामान्यतः नकाराच्या पत्राची तारीख महत्त्वाची असते, अपघाताची किंवा रुग्णालयात दाखल झाल्याची नव्हे. सदनिकांच्या बाबतीत मुंबईतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिलेला निकाल अवश्य वाचावा. विकासकाने भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणे ही सतत चालू राहणारी चूक आहे, असे त्यात म्हटले आहे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबते, हा मात्र पक्षकारांचा आणि काही वकिलांचाही निव्वळ गैरसमज आहे.

तिसरा प्रश्न, तक्रार कोठे दाखल करायची. १९८६ च्या जुन्या कायद्यात वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज करून आर्थिक अधिकारक्षेत्र ठरत असे, त्यामुळे भरपाईचा आकडा फुगवून प्रकरण थेट वरच्या आयोगात नेता येई. आता मोबदला म्हणून प्रत्यक्ष दिलेली रक्कम तेवढी पाहिली जाते. ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे. याचा एक चमत्कारिक परिणाम विम्यात दिसतो, कारण तेथे मोबदला म्हणजे भरलेला हप्ता; त्यामुळे दावा कोटीचा असला तरी प्रकरण जिल्हा आयोगातच येते. ही पद्धत २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. नव्या कायद्याने दिलेली खरी सोय म्हणजे तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथेही तक्रार दाखल करता येते. खेड्यात बसून ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही. दाखल करण्याचे काम आता ई-जागृती या संकेतस्थळावरून होते. तरीही छापील संच, पृष्ठांक घालून आणि अनुक्रमणिका लावून, तयार ठेवावा.

नव्याने आलेल्यांचा शब्दांवरूनही गोंधळ होतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कोठे जाबदेणार, कोठे सामनेवाले, कोठे गैरअर्जदार, तर कोठे विरुद्ध पक्ष असे म्हणतात. आपल्या आयोगाचे जुने निकाल वाचून तेथील रूढ शब्द उचलावा. २०२० पर्यंत ज्याला सगळे 'मंच' म्हणत ते आता 'आयोग' आहे, पण आमच्याकडील शिपाई आजही 'फोरमला तारीख आहे का' असेच विचारतो.

तक्रार दाखल झाल्यावर ती स्वीकारायची की नाही, हे साधारणपणे २१ दिवसांत ठरवायचे असते. नोटीस निघाल्यानंतर जाबदेणाऱ्याला म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात. हे ४५ दिवस ओलांडून आयोगालाही मुदत देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र ते दिवस नोटिशीसोबत तक्रारीची प्रत मिळाल्यापासून मोजायचे असतात. म्हणून पोस्टाच्या संकेतस्थळावरील बटवड्याची नोंद त्याच दिवशी छापून अभिलेखावर दाखल करावी, कारण काही दिवसांनी ती दिसेनाशी होते आणि मग आपल्यापाशी केवळ पावती उरते. पुढे पुराव्याची शपथपत्रे, लेखी युक्तिवाद आणि तोंडी युक्तिवाद हे टप्पे येतात. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेण्याचा प्रसंग येथे क्वचितच येतो. दिवाणी न्यायालयाच्या सवयीने येणाऱ्याला प्रारंभी त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

कायद्यात तीन महिने, आणि वस्तूची तपासणी आवश्यक असल्यास पाच महिने, एवढा काळ निकालासाठी सांगितला आहे. पक्षकाराला हा आकडा सांगण्याची घाई करू नये. भरतकाम यंत्राच्या तक्रारीला दोन वर्षे आठ महिने लागले. मधल्या काळात कधी सदस्यांची पदे रिक्त होती, कधी कंपनीचे वकील बदलले. मध्यस्थीची तरतूद आहे आणि रक्कम लहान असेल, संबंध पूर्ण तुटले नसतील, तर ती मनापासून वापरावी. त्याआधीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून काही प्रकरणे मिटतात, आणि आपले शुल्क बुडाले तरी पक्षकाराला तो मार्ग सांगावा.

वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे पहिल्या दोन वर्षांत स्वतंत्रपणे घेऊ नयेत, एवढेच सांगते. वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते हे १९९५ मध्येच ठरलेले आहे. अडचण कायद्याची नाही, केसपेपर वाचण्याची आहे, आणि ते वाचायला एखादा डॉक्टर शेजारी बसवावा लागतो.

उत्पन्नाविषयीही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. वीस हजारांच्या वस्तूसाठी भांडणारा माणूस पंधरा हजार शुल्क देणार नाही, आणि तक्रारदाराला वकील नेमण्याची सक्तीही नाही. तो स्वतः उभा राहू शकतो. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी उभी केली, ती सामान्य माणसाने स्वतःच उभे राहावे यासाठीच. तिचे संस्कार झालेले वयस्क कार्यकर्ते आजही आपली तक्रार स्वतः लिहून आणतात आणि त्यांचा मसुदा अनेकदा कनिष्ठ वकिलापेक्षा नेटका असतो. विमा आणि सदनिका यांच्या प्रकरणांतून कार्यालयाचे भाडे निघते आणि उरलेल्या प्रकरणांतून हात बसतो, असा हिशेब मी मांडते.

मसुद्यातील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे प्रार्थना, म्हणजेच आयोगाकडे नेमके काय मागायचे ते. वीस पानांचा मजकूर लिहून शेवटी 'योग्य ती भरपाई मिळावी' असे लिहिणारे वकील मी पाहिले आहेत. किंमत परत हवी की वस्तू बदलून हवी, व्याज किती दराने आणि कोणत्या तारखेपासून हवे, मानसिक त्रासापोटी किती आणि तक्रारीच्या खर्चापोटी किती, हे स्वतंत्र कलमांत लिहावे. यंत्राच्या प्रकरणात आम्ही व्याज पैसे भरल्याच्या तारखेपासून मागितले होते आणि तक्रार अंशतः मंजूर करताना आयोगाने ते तसेच दिले. मागितलेली दीड लाखाची नुकसानभरपाई २५ हजारांवर आली, ते अपेक्षितच होते.

निकाल लागला त्या दिवशी पक्षकार पेढे आणतो आणि वकिलाने रोजनिशी उघडायची असते. राज्य आयोगाकडे अपील करण्यासाठी ४५ दिवस असतात, आणि पैसे देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला आदेशित रकमेच्या ५० टक्के रक्कम भरल्याशिवाय ते अपील चालवता येत नाही. आदेश पाळला गेला नाही तर कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी मागता येते, तसेच कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही होऊ शकते. आमच्या प्रकरणात पंचेचाळिसावा दिवस शुक्रवारी संपला आणि सोमवारी आम्ही दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. नोटीस बजावल्यानंतरच्या पहिल्याच तारखेला कंपनीचे वकील डिमांड ड्राफ्ट घेऊन आले. व्याज मात्र त्यांनी तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजले होते. आम्ही उरलेल्या रकमेचा हक्क राखून ड्राफ्ट स्वीकारला, आदेशातील ती ओळ अधोरेखित करून हिशेबाचा तक्ता दाखल केला आणि फरकाची रक्कम पुढच्या तारखेला मिळाल्यावरच दरखास्त निकाली काढण्याची पुरसीस, म्हणजे तसे लेखी निवेदन, दिली.