पाणीकपातीच्या काळात बाग-देखभालीचा व्यवसाय कसा सांभाळावा

धरणांतील साठा घटू लागला की पहिली कुऱ्हाड बागांवर पडते, आणि ती पडणे योग्यच आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने बागकाम, गाड्या धुणे, बांधकाम आणि कारंजी यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली आणि ती मोडणाऱ्याला ५,००० रुपयांचा दंड ठरवला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानावरच्या हिरवळीला लागणारे पाणी हाच त्या वादाचा गाभा होता. पुण्यातही मे २०२३ मध्ये दर गुरुवारी पाणी बंद ठेवण्यात आले होते. लोकांच्या पिण्याच्या पाण्याशी बागेने स्पर्धा करावी असे बाग-देखभालीच्या व्यवसायातील कोणीही म्हणणार नाही. म्हणून उन्हाळ्यात नळाचे पाणी बागेला मिळणार नाही हे गृहीत धरूनच वर्षाचे नियोजन करावे. हे लेखन प्रामुख्याने पुणे परिसरातील गृहनिर्माण सोसायट्या, कंपन्यांची आवारे आणि बंगले सांभाळणाऱ्या कंत्राटदारांसाठी व रोपवाटिकाचालकांसाठी आहे.

टंचाईची चाहूल एप्रिलमध्ये लागत नाही, ती ऑक्टोबरमध्येच लागते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित साठवणक्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पावसाळा संपताना त्यात किती पाणी आहे हे वर्तमानपत्रांत रोज छापून येते, आणि शहराला किती व शेतीच्या आवर्तनांना किती याची चर्चा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होते. राज्य शासनाने २०१८ मध्ये १५१ आणि २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तोही दोन्ही वेळा ३१ ऑक्टोबरलाच. साठा बेताचा दिसला तर दिवाळी ते संक्रांत या अवधीत ग्राहकांशी बोलणी, ठिबकची दुरुस्ती आणि आच्छादनाची जमवाजमव उरकून घ्यावी. उन्हे तापल्यावर माणसेही मिळत नाहीत आणि टँकरही.

पहिले काम म्हणजे प्रत्येक जागेचा पाण्याचा हिशेब कागदावर मांडणे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एवढे सूत्र पुरते. एप्रिल-मे महिन्यांत हिरवळीला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर १०,००० चौरस फुटांच्या, म्हणजे साधारण ९३० चौरस मीटरच्या हिरवळीला रोज ४,६५० लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरचा एक टँकर दोन दिवसांत संपला. हा हिशेब सोसायटीच्या बैठकीत फळ्यावर मांडला की पुढची चर्चा सोपी होते, कारण लॉन जगवायचे की नाही हा प्रश्न हौसेचा न राहता महिन्याला पंधरा टँकरांचा होतो. हिशेब मांडताना गळती वेगळी तपासावी. रात्री सगळे कॉक बंद करून मीटरचा आकडा टिपावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. आकडा वाढला असेल तर आधी पाइप खणून काढावा.

दुसरे काम म्हणजे उतरंड ठरवणे, आणि टंचाईत बाग सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते. मोठी झाडे सर्वांत वर, त्यानंतर दोन-तीन वर्षांची नवी झाडे, मग झुडुपे आणि कुंपणाच्या रांगा, शेवटी हिरवळ. हंगामी फुलझाडे त्या वर्षी लावूच नयेत. वीस-पंचवीस वर्षे वाढलेले झाड गेले तर ते आपल्या हयातीत परत येत नाही. शिवाय नागरी भागातील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ चे संरक्षण आहे. वाळलेले झाड काढायलासुद्धा वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. याउलट हरळीच्या जातीची हिरवळ पिवळी पडली तरी तिच्या मुळ्या व कांड्या जमिनीत तग धरतात आणि जूनच्या पावसावर ती पुन्हा फुटते. ग्राहकाला हे आधीच समजावून सांगितले की पिवळे लॉन पाहून तो फोन करत नाही.

झाडाला पाणी देण्याची रीत बदलली तर निम्म्या पाण्यात काम भागते. बहुतेक ठिकाणी खोडाला लागून वीतभर आळे केलेले असते आणि माळी रोज त्यात थोडे पाणी ओततो. त्याने खोडाचा बुंधा ओला राहून कुजतो, आणि पाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या मात्र कोरड्याच राहतात, कारण त्या फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही पलीकडे पसरलेल्या असतात. दुपारी बाराच्या सुमारास झाडाची सावली जमिनीवर जिथे संपते, तिथे चार बोटे खोल आणि हातभर रुंद गोल चर काढावा, त्यात सावकाश पाणी भरू द्यावे आणि मुरल्यावर वर पाच ते आठ सेंटिमीटर पालापाचोळा पसरावा. मोठ्या झाडाला असे पाणी दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरते. नव्या झाडाला आठवड्यातून एकदा वीस ते चाळीस लिटर द्यावे. पाणी देण्याआधी पहारीने वीतभर खोल माती काढून मुठीत दाबून पाहावी. गोळा होत असेल तर वाफसा, म्हणजे मुळांना पुरेशी ओल आहे, त्या दिवशी पाणी देऊ नये. काळ्या मातीत हे विशेष सांभाळावे, कारण वरून भेगा पडलेली काळी जमीन आत ओली असू शकते. आच्छादनासाठी काही विकत आणावे लागत नाही. माळी रोज झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकतो तोच पाला पुरतो, आणि त्याची ही विल्हेवाट थांबवणे हीच पहिली बचत आहे.

आता पाण्याच्या स्रोतांविषयी. मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, म्हणजे एसटीपी असतो आणि त्याचे पाणी बागेसाठीच असते. पण दुर्गंधीच्या तक्रारीमुळे ते गटारात सोडून बागेला टँकर मागवला जातो, हे चित्र सर्रास दिसते. कंत्राट घेताना एसटीपीची अवस्था स्वतः पाहावी आणि पाण्याचा प्रयोगशाळेतील अहवाल मागावा. पाण्याला वास येत असेल तर हवा पुरवणारे ब्लोअर नीट चालत नाहीत असा संशय घ्यावा. असे पाणी फवाऱ्याने उडवू नये, ठिबकने किंवा चराने द्यावे, पालेभाज्यांना देऊ नये, आणि त्याच्या नळावर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी मराठी व हिंदी दोन्ही भाषांत लावावी. या पाण्यात आणि खोल बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असतात. पानांचे शेंडे व कडा करपू लागल्या तर तीच खूण समजावी. फर्न, अँथुरियम, ऑर्किड यांना ते सोसत नाही. कण्हेर आणि बोगनवेल यांना सहसा काही होत नाही. ठिबकच्या गाळण्या मात्र दर आठवड्याला धुवाव्यात. टँकर घ्यावाच लागला तर त्याचे पाणी कुठून येते हे विचारून पावती जपून ठेवावी. शहरालगतच्या गावांतील विहिरी उपसून आणलेल्या पाण्यावर शोभेचे लॉन भिजवणे मला कोणत्याही दराने मान्य नाही.

व्यवसाय बुडतो तो बहुतेक वेळा करारामुळे. वार्षिक देखभालीच्या करारात 'मेलेली रोपे विनामूल्य बदलून देऊ' असे सरसकट लिहिलेले असते, आणि पाणी बंद झाल्यावर त्या एका वाक्याने वर्षाची कमाई जाते. त्याऐवजी असे कलम घालावे: 'पाणीपुरवठा करणे ही ग्राहकाची जबाबदारी राहील, प्रशासनाच्या आदेशाने अथवा टंचाईमुळे ठरलेले पाणी न मिळाल्यास हिरवळ व हंगामी रोपे यांची हमी लागू राहणार नाही, उपलब्ध पाणी सोबतच्या यादीतील क्रमाने दिले जाईल.' उतरंडीची यादी कराराला जोडावी आणि तिच्यावर सचिवांची सही घ्यावी. टँकरचा खर्च देखभालीच्या दरात कधीही मिसळू नये. प्रत्येक जागेवर पाण्याची वही ठेवून तारीख, स्रोत आणि लिटर लिहावेत. महापालिकेचा माणूस चौकशीला आला किंवा ग्राहकाने बिल अडवले, तर ही वहीच कामाला येते.

पुण्याजवळच्या सोरतापवाडी, उरुळी कांचन भागातील रोपवाटिकांची अडचण वेगळी आहे. तेथे माल तयार असतो, पण उठाव थांबतो आणि लहान पिशवीतले रोप कडक उन्हात दिवसातून दोनदा पाणी मागते. विक्रीयोग्य रोपे मोठ्या पिशवीत बदलून घ्यावीत, सारख्या तहानेची रोपे एकत्र ठेवावीत, पिशव्या एकमेकींना चिकटवून शेडनेटखाली आणाव्यात आणि निथळलेले पाणी चरातून टाकीत परत घ्यावे. हंगामी फुलांची नवी लावण थांबवून करवंद, अडुळसा, निर्गुडी, कोरांटी, तगर, बहावा, कडुनिंब, आपटा यांची रोपे वाढवावीत. टंचाईनंतरच्या पावसाळ्यात ग्राहक अशीच झाडे मागतात.

माणसांना कामावरून काढू नये. पाणी घालण्याचे काम कमी झाले की माळ्याला घरी पाठवण्याचा मोह होतो, परंतु जाणकार माळी एकदा गावी गेला की जूनमध्ये परत मिळेलच असे नाही. त्या काळात ठिबकच्या नळ्या धुणे, कंपोस्टचे खड्डे भरणे, गच्चीवरचे पाणी टाकीत किंवा बोअरकडे वळवणारे पाइप जोडणे ही कामे द्यावीत आणि ग्राहकाकडून त्यांचे वेगळे पैसे घ्यावेत. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वाया जाणारे वगळूनही सुमारे ५०,००० लिटर पाणी हाती येते. ही जोडणी मेमध्ये झाली तरच तिचा उपयोग. नव्या लागवडीचे खड्डेही याच दिवसांत काढून तापू द्यावेत. वळवाच्या पहिल्या सरीवर मात्र रोपे लावू नयेत; मोसमी पाऊस स्थिरावून खड्ड्याच्या बाजूची माती फूटभर ओली झाल्याचे पहारीने तपासावे आणि मगच लागवड सुरू करावी.