जनुकीय अहवालातला औषधाचा सल्ला किती पक्का? असा तपासा

थुंकीचा नाहीतर रक्ताचा नमुना दिला की काही दिवसांनी पानंच्या पानं भरून अहवाल येतो. औषधांची नावं, आणि प्रत्येकासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. ठिपके सगळे सारखेच ठसठशीत. त्यांच्यामागचा पुरावा मात्र सारखा नसतो. म्हणून अख्खा अहवाल खरा की खोटा या वादात न पडता एकेक ओळ तपासा.

१. जोडी लिहून काढा. औषध आणि जनुक, दोन्ही. उदाहरणार्थ, क्लोपिडोग्रेल आणि सीवायपी२सी१९. स्टेंट बसवल्यावर देतात ती ही गोळी शरीरात गेल्यावरच कामाची होते आणि त्यात या जनुकाचं एन्झाइम लागतं. जनुकाचं नाव न देता नुसतं ‘हे औषध मानवणार नाही’ लिहिलं असेल, तर ती ओळ सोडून द्या.

२. श्रेणी पाहा. ‘सीपिक’ हा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट अशा जोड्यांना ए ते डी श्रेणी देतो. यादी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. वरची जोडी ए श्रेणीत आहे. सी किंवा डी असेल, तर त्या जनुकावरून औषध बदलायची शिफारस नाही.

३. पुरावा नेमका कशाचा, ते विचारा. खरी मेख इथे आहे. जनुकामुळे रक्तातलं औषधाचं प्रमाण बदलतं हे दाखवणं सोपं. तपासणी केल्यामुळे रुग्णाचं भलं झालं हे दाखवणं कठीण. एचआयव्हीवरच्या अबॅकाविरबाबत ते झालं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९ देशांतले १,९५६ रुग्ण होते. आधी जनुक तपासलेल्या गटात खात्रीशीर ॲलर्जी एकालाही झाली नाही, दुसऱ्या गटात २.७ टक्क्यांना झाली. असा स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो. रक्त गोठू नये म्हणून देतात त्या वॉरफरिनचं बघा: २०१३ मध्ये युरोपातल्या चाचणीत जनुकानुसार डोस देण्याचा फायदा दिसला, अमेरिकेतल्या चाचणीत दिसला नाही. उलट तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये डोसचा ताळमेळ जास्तच बिघडला.

४. म्हणूनच, अभ्यास कोणावर झाला तेही पाहा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिन या औषधासाठी युरोपात टीपीएमटी जनुकावर भर असतो. आशियाई लोकांत, भारतीयही त्यात आले, एनयूडीटी१५ हे जनुक महत्त्वाचं. ते तपासलेलंच नसेल, तर ‘नॉर्मल’ हा शेरा अर्धाच.

५. मोठ्या दाव्यांपासून सावध राहा. नैराश्यावरच्या गोळ्या जनुकावरून निवडून देतो म्हणणाऱ्या अनेक तपासण्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्येच इशारा दिला होता. एमटीएचएफआर या जनुकावरून औषधं सुचवणारं पान तर सरळ उलटा.

आणि लाल ठिपका क्लोपिडोग्रेलसमोर असेल, तर गोळी चालू ठेवूनच त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. ती स्वतःहून बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पर्यायी गोळ्या आहेत, पण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा बदल डॉक्टरांनाच ठरवू द्या.