बेचिराग झालेल्या लाकूडतोडीच्या गावाचा इतिहास कसा शोधावा

मेळघाटातील कुंड, कोहा, बोरी, वैराट ही नावे जुन्या नकाशांवर सापडतात, पण तिथे आता चूल पेटत नाही. 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि या शतकात त्याच्या गाभ्यातील एकेक गाव बाहेर हलवले गेले. या डोंगरांतल्या अशा एखाद्या गावाचा इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात गावापासून न करता सागापासून करावी. साग तोडणे, ओढणे, वणवा पसरू नये म्हणून जंगलात आखलेल्या जाळरेषा साफ करणे या कामांवर इथल्या पुष्कळ वस्त्यांचे पोट चालत असे आणि सरकारी दप्तरात माणसापेक्षा झाडाची नोंद अधिक काटेकोर आहे. हे मनाला बरे वाटत नाही, पण शोध घेणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

कागद हुडकण्यापूर्वी ते कोणत्या राजवटीचे असणार, हे ठरवून घ्यावे. मेळघाट ज्यात येतो तो वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि हैदराबादच्या रेसिडेंटच्या, म्हणजे तिथल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, देखरेखीखाली राहिला. 1903 मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे 1903 पूर्वीच्या पत्रव्यवहारासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील हैदराबाद रेसिडेन्सीची दप्तरे पाहावीत आणि नंतरच्या काळासाठी नागपूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करावी. दिल्लीतील दप्तरांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. गावाचे नाव मात्र रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहून पाहावे, कारण सांगणारा कोरकू आदिवासी, ऐकणारा मराठी कारकून आणि लिहिणारा इंग्रज साहेब अशा तीन कानांतून ते गेलेले असते.

खरा खजिना आहे तो वनविभागाच्या जुन्या कार्य आयोजनांमध्ये. साधारण दहा ते पंधरा वर्षांसाठी बनवलेल्या या आराखड्यात जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठीचे तुकडे, पाडलेले असतात आणि कोणता कूप कोणत्या वर्षी तोडायचा, हे नमूद असते. घाईत वाचणारा मजुरांविषयीचा भाग सोडून देतो. आपण नेमका तोच आधी वाचावा. मजूर हाताशी राहावेत म्हणून जंगलखात्याने वसवलेल्या गावांना वनग्राम म्हणत. तिथे कुटुंबाला कसायला जमीन मिळे आणि बदल्यात खात्याच्या कामावर हजर राहण्याचे बंधन येई. आयोजनेची प्रत सहज मिळत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून करावा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. अर्जात ‘गावाची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये; परिक्षेत्र, कालखंड आणि हव्या असलेल्या दस्तऐवजाचे नाव स्पष्ट लिहावे.

महसुली कागदांबाबत एक सावधगिरी बाळगावी. वनग्रामाची जमीन जंगलखात्याची असल्याने तिचा सातबारा नसे. पुढे गाव महसुली झाले, तर तलाठ्याकडील नोंदी एकदम मधूनच सुरू होतात. त्याआधी गाव नव्हतेच, असा अर्थ त्यावरून काढू नये. ओसाड गावापुढे ‘बेचिराग’ किंवा विदर्भात ‘रिठी’ असा शेरा आढळतो. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतून दर दहा वर्षांची लोकसंख्या उतरवून घेतली, की गाव कधी भरले आणि कधी रिते झाले, याचा अंदाज येतो.

गाभा क्षेत्रात पाऊल ठेवण्यासाठी लेखी परवानगी लागते. ती असेल तरच जागा पाहावी. तोडायच्या झाडाला छातीच्या उंचीवर आणि बुंध्याशी छाटून हातोड्याचा शिक्का मारत, म्हणजे झाड गेले तरी खुंटावरचा शिक्का पडताळणीसाठी राही. खुंट कुजला असला तरी एकाच बुडातून फुटलेले दोन-तीन साग दिसले, तर तिथे पूर्वी कुऱ्हाड चालली असावी, असे समजावे. वस्तीची जागा ओळखायला मोह आणि आंब्याची जुनी झाडे, विहीर आणि मुठवा या कोरकू ग्रामदेवाचे दगड उपयोगी पडतात. सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेला सागाचा मुंडा, म्हणजे मृतांचे स्मारक, आढळल्यास त्याला हात लावू नये आणि कुटुंबाला विचारल्याशिवाय त्याचे छायाचित्र छापू नये.

एवढी तयारी झाल्यावर पुनर्वसित गावातील वृद्धांकडे जावे. कोरकू ही मुंडा नावाच्या भाषाकुळातील भाषा आहे, मराठीशी तिचे नाते नाही. म्हणून त्याच गावातील एखादा तरुण दुभाषा सोबत घ्यावा. ‘तेव्हा कसे होते?’ या प्रश्नाला ‘बरे होते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी कूप कोणता होता, बैलजोड्या किती होत्या, मजुरी कोण आणि कोणत्या दिवशी वाटत असे, परतवाड्याच्या डेपोपर्यंत लाकूड कसे जाई, असे विचारावे. सन आठवत नसला तरी कूप आठवतो आणि कुपावरून आयोजनेतले वर्ष सापडते.

शेवटी अंगणात खडे मांडायला सांगावे. कोरकू गावाची घरे समोरासमोर दोन ओळींत असतात, त्यामुळे एक खडा एक घर धरून पूर्ण गाव मांडता येते. बायकाही मांडायला बसल्या, तर पुरुषांनी विसरलेली घरे निघतात. प्रत्येक खड्याचे नाव वहीत उतरवावे आणि मंडळी उठण्यापूर्वी वरून छायाचित्र घ्यावे, कारण कोंबड्या फार वेळ देत नाहीत.